विरजणाचे वकील

जगात दह्यावरून झालेली भांडणं मोजायला कोणी बसलं, तर त्यातली निम्मी माझ्या मोठ्या साडूंनी सुरू केलेली निघतील आणि उरलेली निम्मी त्यांनी मिटवायला घेतल्यामुळे वाढलेली. मोठे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणतो. भिलाईच्या प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर फोरमन म्हणून जन्म काढून ते निवृत्त झाले आणि रिसालीत घर बांधून राहिले. वितळलेलं लोखंड रोज डोळ्यांसमोरून वाहताना ज्यानं पाहिलं, त्याला म्हातारपणी काहीतरी थंड हवंसं वाटणार, हे समजण्यासारखं आहे. त्यांच्या बरोबरीच्या कोणी कुंड्या आणल्या, कोणी मुलांकडे बंगलोरला गेले. भाऊजी दह्याकडे वळले.

वळले म्हणजे पुरतेच वळले. सव्वासहा फूट उंचीचा, आवाजानं भिंती हलवणारा हा माणूस संध्याकाळ झाली की दुधाच्या पातेल्यासमोर मांजरासारखा दबकत येई. दुधात करंगळी बुडवून मनात सात अंक मोजी. सातच्या आत बोट पोळलं तर दूध गरम, सातनंतरही काही वाटलं नाही तर दूध गार, आणि बरोबर सातव्या अंकाला बोटाला 'काहीतरी आहे' असं वाटलं तर ते कोमट. 'कोमट' हा मराठीतला सर्वांत कठीण शब्द आहे, असं त्यांचं मत होतं. "लोखंडाचं टेम्परेचर सांगाले मशीन आहे, साडूभाऊ," ते मला म्हणत, "कोमटाले मशीन नाही." मी नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. कोमटालाही थर्मामीटर चालतो, असं मी एकदा म्हणालो. त्यानंतर पंधरा दिवस ते मला 'सर' म्हणत होते. एकदा विरजण लागलं की पातेल्याला प्लांटमधलं जुनं लोकरी जाकीट गुंडाळलं जाई आणि ते पातेलं कपाटाच्या वर, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवलं जाई. मग घरात कोणी दार आपटायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. एका पाहुण्यांना तर ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, ओशाळून सांगितलं होतं की जरा हळू बोला, दही लागून राहिलं आहे. पाहुणे घरात तान्हं बाळ असल्यासारखे कुजबुजत बसले आणि लवकर उठून गेले.

या दह्याला घराणं होतं. भाऊजींच्या आईनं आर्वीजवळच्या खेड्यातून भिलाईला येताना पितळी डबीत विरजण आणलं होतं, आणि तेव्हापासून ते एक दिवसही तुटलेलं नाही, आजच्या दह्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं असं ते चालत आलं आहे, हे ते अभिमानानं सांगत. क्वार्टर सोडून रिसालीला सामान हलवलं तेव्हा टीव्ही, कपाटं आणि ताई ट्रकबरोबर गेल्या. भाऊजी मागून ऑटोत आले, मांडीवर डबी घेऊन. ताईंनी मला पुढं कधीतरी स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की मधल्या काळात ते विरजण निदान तीन वेळा आटोपलं होतं. एकदा शेजारच्या तेलुगू बाईंकडून आणलं, एकदा मागच्या गल्लीतल्या सरदारणीकडून, आणि एकदा तर कुम्हारीच्या बसस्टँडवरच्या हॉटेलातून. "त्यायले नका सांगू," त्या म्हणाल्या, "त्यायले चव ओळखू येते असं त्यायले वाटते."

पण दही हा भाऊजींचा नुसता छंद होता. त्यांचं खरं युद्ध एका शब्दासाठी चाललं होतं. विरजण, किंवा त्यांच्या तोंडी 'इरजन', या शब्दाला मराठी माणसानं बदनाम केलं आहे, हे त्यांचं दुःख होतं. बेत बिघडला, सहल रद्द झाली, ऐन समारंभात वीज गेली की मराठी माणूस म्हणतो, आनंदावर विरजण पडलं. हे ऐकलं की भाऊजींच्या कपाळाची शीर फुगे. "मले सांगा," ते समोरच्याला धरून बसत, "दुधात इरजन पडलं तं काय होते? दही होते. दह्याचं ताक होते, लोनी निघते, तूप होते. दूध एका दिवसात खराब होनारं, ते चार दिवस टिकते. यात वाईट काय झालं? दूध नासते कावून? लिंबू पडल्यानं. मंग म्हना ना आनंदावर लिंबू पडलं."

ते नुसतं बोलून थांबत नव्हते. स्वतः तसंच वापरत. क्रिकेटमध्ये भारत हरला की त्यांचा फोन येई, "लिंबू पडलं." उलट माझी क्लासमध्ये विभागप्रमुख म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्यांनी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'साडूभाऊंच्या नोकरीवर विरजण पडले. हार्दिक अभिनंदन.' त्या दिवशी मला सांत्वनाचे नऊ फोन आले. माझ्या मोठ्या भावानं नागपूरहून विचारलं की काढून टाकलं का. शेजारच्या एका नवविवाहित जोडप्याला भाऊजींनी स्टीलच्या भांड्यांच्या सेटबरोबर चिठ्ठी दिली होती, 'आपल्या संसारावर लवकर विरजण पडो.' त्या मुलीच्या आईनं तो सेट परत पाठवला. भाऊजींना खरंच कळलं नाही की यात चिडण्यासारखं काय होतं. आंबणं आणि विरजणं यांतही ते फार कडक भेद करत. "आंबनं आपोआप होते," ते म्हणत, "विसरून ठेवलं की कोनतंबी आंबते. इरजनं कोनीतरी करा लागते. त्याले हात लागते."

आम्ही हे सगळं हसून घालवत होतो. माझ्या मुलीच्या, केतकीच्या, साखरपुड्याच्या दिवशी मात्र हसणं थांबलं.

मुलगा अमरावतीचा, नोकरीला रायपूरला. त्याचे वडील, म्हणजे आता माझे व्याही, अमरावतीला हायस्कूलमध्ये मराठी शिकवून निवृत्त झालेले. किडकिडीत, मितभाषी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांची पत्नी वर्षभरापूर्वी गेली होती, हे आम्हाला माहीत होतं. त्यांनी स्वतः त्याविषयी एक अक्षर कधी काढलं नव्हतं. नेहरू नगरातल्या एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. अंगठ्या झाल्या, फोटो झाले आणि जेवणाआधी कोणीतरी व्याह्यांना दोन शब्द बोला म्हणालं. ते उठले. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. शिक्षकाचा ठाशीव, स्वच्छ आवाज.

"आज सगळं मनासारखं झालं," त्यांनी वाचलं. "मुलगी सोन्यासारखी मिळाली, माणसं चांगली मिळाली. एकच गोष्ट राहिली. हे सगळं पाहायला आज मुलाची आई नाही. त्या एका गोष्टीनं या आनंदावर विरजण पडलं..."

खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून भाऊजी उभे राहिले.

मी त्यांना पाहिलं. बायकोनंही पाहिलं. ताईंनी त्यांच्या कोटाचं टोक धरलं, ते सुटलं. "माफ करा गुरुजी," भाऊजी म्हणाले, "एक मिनिट. इरजन पडलं तं चांगलं असते." आणि मग सगळं आलं. दूध आलं, ताक आलं, लोणी, तूप, लिंबू आलं. भाऊजींचे प्लांटमधले जुने दोस्त होते, ते सवयीनं हसले. एकानं तर टाळीही वाजवली. भाऊजींना वाटलं की रंगलं. लिंबावर ते जरा थांबले, लोकांच्या हसण्यासाठी जागा ठेवून, आणि तेव्हा कोणीच हसलं नाही. व्याह्यांनी कागदाच्या परत चार घड्या घातल्या, तो खिशात ठेवला आणि खाली बसले. जाताना त्यांनी सगळ्यांना नीट नमस्कार केला. भाऊजींना म्हणाले, "आधी उच्चार नीट करा. विरजण. मग अर्थाकडे वळा."

घरी केतकी रडत होती. आमच्या मुलांना राग आला की मराठी सुचत नाही. "मौसाजी ने मेरी सगाई में दही पे लेक्चर दे दिया," ती म्हणाली, "और वो अंकल अपनी वाइफ की बात कर रहे थे, पप्पा." दोन दिवसांनी जावयाचा फोन आला. बाबा काही बोलत नाहीत, तो म्हणाला, पण लग्नाची तारीख काढायचा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जातात. मी फोन केला तर व्याही सभ्यपणे म्हणाले, बघू, घाई काय आहे.

भाऊजींना हे ताईंनी सांगितलं, आणि कसं सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला की यांनी दही लावणं सोडलं आहे. पातेलं पालथं पडलं आहे, जाकीट धुवायला टाकलं आहे, दिवसभर ओट्याजवळ स्टूल घेऊन बसतात. मी गेलो. भाऊजींनी मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, "मले ऐकूच नाही आलं, साडूभाऊ. तो मानूस काय सांगून राहिला ते मले ऐकूच नाही आलं. फक्त तो एक शब्द ऐकू आला." मग स्टुलावरून उठत, "मी जातो अमरावतीले."

बायको मला म्हणाली, "एकट्यांना पाठवू नका. तिकडं आणखी एखादा शब्द दुरुस्त करून येतील." म्हणून मीही निघालो. दुर्गहून सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं. मार्च लागला होता. भाऊजींनी विरजणाची पितळी डबी ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळली होती, ती तापू नये म्हणून. ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून ते खिडकीबाहेर बघत मुकाट बसले. चेहरा असा की कोणालाही दया यावी. समोर बसलेल्या एका बाईंनी गोंदियापर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच विचारलं, "भैया, किसका है?"

"माँ का," भाऊजी म्हणाले.

बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि डबीला हात जोडले. त्यांच्या यजमानांनी उठून भाऊजींना आडवं व्हायला जागा करून दिली. कोणीतरी पाण्याची बाटली दिली. एक म्हातारे गृहस्थ शेजारच्या डब्यातून येऊन म्हणाले की असं एकाएकी घडतं, धीर धरा, आणि पुढं विचारलं, कुठं नेताय, त्र्यंबकला का. "अमरावती ले जा रहा हूँ," भाऊजी म्हणाले, "वहाँ दूध में डालूँगा." डबा शांत झाला. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिलो आणि वर्धा येईपर्यंत वर मान केली नाही.

व्याह्यांचं घर लहान, नीटनेटकं आणि फार गप्प होतं. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. भाऊजी उभेच. डबी पुढं करून म्हणाले, "गुरुजी, हे आनलं." व्याही म्हणाले, "आमच्याकडं दही लावत नाहीत आता. ती गेली तेव्हा विरजणही संपलं. कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पिशवीचं आणतो." भाऊजींनी यावर काही बोलायला हवं होतं. पिशवीच्या दह्यावर त्यांचं पाऊण तासाचं व्याख्यान तयार असे. ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचं त्या दिवशीचं राहून गेलं. तो कागद अशीन तं वाचा. मी ऐकतो."

मला वाटलं, आता हे आम्हाला दार दाखवणार. व्याह्यांनी भाऊजींच्या हातातून डबी घेतली. मग आत गेले आणि कागद घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दारात, उभ्यानंच, त्यांनी पहिल्यापासून वाचलं. 'आनंदावर विरजण पडलं' आलं. भाऊजी हलले नाहीत. पुढं त्यांच्या पत्नीविषयी होतं. ती मुलाच्या लग्नासाठी कधीपासून एक पैठणी ठेवून होती, नेसून बघायची आणि परत घडी घालायची. तिला सून हसरी हवी होती, बाकी काही अट नव्हती. केतकीचा फोटो पाहून तिची किती आठवण आली. मध्येच एका ठिकाणी ओघात 'सुखाचं दूध आंबलं' असंही वाक्य आलं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले, मिशी थरथरली, आणि ओठ परत मिटले. त्या माणसाला मी भट्टीसमोर कधी पाहिलेलं नाही, पण त्यांनी त्याहून अवघड काम केलेलं मी त्या दिवशी पाहिलं.

वाचून झालं. भाऊजींनी डोळे पुसले, बाह्या वर केल्या आणि विचारलं, "दूध कुठं आहे?"

व्याह्यांनी फळीवरून पत्नीचा दह्याचा चिनी मातीचा सट काढून दिला. भाऊजींनी दूध तापवलं, निववलं, करंगळी बुडवली, सात मोजले, विरजण लावलं. इथं जाकीट नव्हतं, म्हणून व्याह्यांची शाल गुंडाळली. आम्हाला तिथंच मुक्कामाला ठेवून घेतलं गेलं.

सकाळी उठून तिघं ओट्याशी गेलो. भाऊजींनी शाल काढली, झाकण उचललं आणि सट वाकडा केला. सगळं दूध एका बाजूला पळालं. दही लागलंच नव्हतं. तळाशी थोडं अदमुरं, वर पाणी. मी भाऊजींना ओळखू लागल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. ते त्या सटाकडे असे बघत राहिले की जणू अख्खी भट्टी विझली आहे.

व्याह्यांनी चमचा घेतला, तळातलं थोडं काढून खाल्लं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "भाऊ," ते म्हणाले, "आता ह्याला काय म्हणायचं? विरजण तर पडलं होतं. मग हे काय झालं?"

भाऊजींनी प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाले, "इरजन बरोबर होतं, गुरुजी. हात माहा चुकला."

व्याही हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, मग ओट्याला धरून. जावई नंतर मला म्हणाला की आई गेल्यापासून बाबांना हसताना त्यानं पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी तो नेमका रायपूरला होता. त्या हसण्यातच त्यांनी कॅलेंडर काढलं आणि मे महिन्यातली तारीख धरली. लग्न झालं, चांगलं झालं. भाऊजींना ताईंनी आणि माझ्या बायकोनं मध्ये घेऊन बसवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही.

त्यानंतरचं आमच्यापैकी कोणालाच अपेक्षित नव्हतं. रोज सकाळी आठला अमरावतीहून भाऊजींना फोन येऊ लागला. व्याही दह्याची हकिकत सांगत, भाऊजी निदान करत. दही संपलं की शब्दांवर येत. शब्दकोशात विरजणाचा तो अर्थ दिलेला आहे, यावरून गुरुजी तसूभर हटले नाहीत. कोश लिहिणाऱ्यानं आयुष्यात दही लावलं होतं का, या प्रश्नावरून भाऊजीही हटले नाहीत. ताई म्हणत, एवढं तर हे माझ्याशी लग्नानंतर बोलले नाहीत. दिवाळीला व्याही भिलाईला आले, ते मुलीच्या सासरचे म्हणून आमच्याकडे उतरायला हवे होते. ते रिसालीला उतरले. आम्ही फराळाला बोलावलं तर दोघं मैत्री बागेतलं प्राणिसंग्रहालय बघायला गेलेले, आणि तिथं वाघाच्या पिंजऱ्यासमोर 'मुरणं' आणि 'जिरणं' यांतल्या फरकावरून दोघांचं एवढं जोरात भांडण झालं की पहारेकरी बघायला आला.

ही मैत्री तीन वर्षं चालली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आठला फोन आला नाही. भाऊजींनी साडेआठपर्यंत वाट पाहिली आणि मला फोन केला. माझ्याकडे तेव्हा जावयाचा फोन येऊन गेला होता. भाऊजींना कसं सांगायचं, याचा आम्ही दोघं नवराबायको विचार करत बसलो होतो.

अमरावतीला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली होती. पुष्कळ लोक बोलले, चांगलं बोलले, गुरुजींचे विद्यार्थीच ते. शेवटी भाऊजींचं नाव पुकारलं गेलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही मनातून जरा धास्तावलोच, कारण माईक हातात आल्यावर हा माणूस किती वेळ बोलू शकतो हे मला माहीत होतं. भाऊजी हळूहळू चालत वर गेले. माईक तोंडाशी धरला.

"मानूस चांगला होता," ते म्हणाले. "मले लय उशिरा भेटला."

आणि माईक परत देऊन खाली आले. बसण्याआधी त्यांनी हातानं खुर्ची चाचपून पाहिली, तिथं आहे ना म्हणून. मी त्यांचा कोपर धरला. एरवी त्यांनी माझा हात झिडकारला असता.